दसरूबाबांनी फिरवलेलं सूप

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये भाकरीचं ताट रांगेरांगेनं फिरायचं. अगदी शेवटच्या रांगेत, दाराशी, दसरूबाबा बसत. ताट आलं की ते दोन्ही हातांनी घेत, कपाळापर्यंत उचलत, आणि भाकरीच्या तुकड्याला बोटही न लावता बायकांच्या बाजूला माझ्याकडे सरकवत. प्याल्याचंही तसंच. मी शेवटच्या रांगेत बसायची ती दवाखान्यातून बोलावणं आलं तर गुपचूप उठता यावं म्हणून. त्यामुळे हा प्रकार माझ्याइतका जवळून दुसऱ्या कुणी पाहिला नसेल. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याचं पोट बिघडलं असेल. नर्सच्या डोक्यात दुसरं काय येणार? पण पुढच्या वेळीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्या वेळीही.

बाप्तिस्मा होऊन वर्षं लोटलेली. चर्चची घंटा तेच वाजवत, अंगण तेच झाडत, दवाखान्याची राखणही तेच करत, आमच्यातलं कुणी गेलं तर खड्डाही तेच खणत. आणि प्रभूच्या मेजाशी मात्र उपाशी. मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, चोरून मोहाची पीत असणार, म्हणून मन खातंय, दुसरं काही नाही. पाळकसाहेब भले गृहस्थ होते, पण कुठल्याही गोष्टीचं कारण त्यांना पटकन सापडायचं.

मी नगरकडची. नर्सिंगचं शिक्षण संपताच मिशननं मला या मुलखात पाठवलं. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. स्टेशन, धानाच्या गिरण्या आणि बाजारात निम्मी हिंदी. तिथून नागझिऱ्याच्या जंगलाकडे बैलगाडीनं निघालं की दिवस मोडायचा, तेव्हा आमचा दवाखाना यायचा. इथली माणसं 'का' विचारायला 'काऊन' म्हणत, आणि तेही असं तोंडावर की मला वाटायचं ही भांडायलाच आलीत. मीही तोंडाची फटकळ, त्यामुळे आमचं लवकर जमलं.

दसरूबाबांशी पहिली ओळख मात्र भांडणानंच झाली. विहिरीच्या कडेला एरंडाची झाडं आपोआप उगवली होती. सूज शेकायला त्यांची पानं बरी, म्हणून मी ती राखली होती. एका सकाळी पाहते तर सगळी मुळासकट उपटलेली, आणि दसरूबाबा त्यांची मोळी बांधून लांब फेकायला निघालेले. उंच, वाळलेला माणूस, एक खांदा उतरलेला, उजव्या हाताचा अंगठा नेहमी मुठीत दडपलेला. मी त्यांना विचारलं की दवाखाना तुम्ही चालवता की मी, राखणदारानं मालकी कधीपासून गाजवायला सुरुवात केली, आणि आणखी बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आंबा लावा बाई, पपई लावा," ते म्हणाले. "एरंडी नोको. आन दवाखान्यातली ती तेलाची बाटली मले उचलाले सांगू नोका."

ती बाटली एरंडेलाची. पुढे कधी कपाट आवरताना ती मध्ये आली तर ते बाजूला होत आणि मला हाक मारत. पाळकसाहेबांनी खुलासा केला की दसरूबाबा पूर्वी जंगलाकडच्या एका गावात पुजारी होते, त्या काळातलं काही खूळ राहिलं असेल. गावात रोगराई आली की पुजारी सूप पाही. सुपाच्या काठात कात्री खोचायची, कात्रीच्या एका कडीखाली पुजाऱ्यानं अंगठा धरायचा, दुसऱ्या कडीखाली गावातल्या एखाद्यानं बोट, आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावावर सूप फिरलं, रोग त्याच्यापायी आला. पाळकसाहेबांना ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची फार हौस. नागपूरहून कुणी साहेब आला की ते दसरूबाबांना पुढे करत आणि म्हणत, हा पाहा, काल सूप फिरवणारा हात आज घंटा वाजवतो. दसरूबाबा तेवढं ऐकायच्या आत बाहेर निघून गेलेले असत.

दसरूबाबांच्या भक्तीची रीतच वेगळी होती. उपासनेत पापांची कबुली सगळे मिळून म्हणतात. आमची मंडळी ती अशी झरझर म्हणत की जणू पाढेच. दसरूबाबा त्या वेळी तोंड मिटून उभे राहत. एकदा मी त्यांना टोकलं, की बाबा, पाठ होत नसेल तर मी शिकवते.

"पाठ आहे," ते म्हणाले. "पन सबन मिळून पापी म्हनलं का कोनीच पापी रायत नाई."

पुढच्या रविवारी ती कबुली मी पहिल्यांदा सावकाश म्हटली.

प्रार्थना मात्र ते अखंड करत, आणि तीही मोठ्यानं. खड्डा खणताना मुरूम लागला, पहार उडाली की देवाशी बोलणं सुरू व्हायचं. ते देवाला 'बापा' म्हणत आणि शेजाऱ्याशी बांधावर उभं राहून बोलावं तसं बोलत. एका पावसाळ्यात शाळामास्तरांचं लेकरू गेलं, तेव्हा खड्ड्यातून त्यांचा आवाज येत होता. बापा, तू नेला, नेला, आता त्याच्या मायले झोप तरी दे, चार दिवस झाले बाई जागून रायली. वर उभ्या असलेल्या मला रडू आवरेना. दुसऱ्यांसाठी ते असं हक्कानं मागत. स्वतःसाठी काही मागताना मात्र मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आणि मोह. ती गोष्ट खोटी नव्हती. उन्हाळा लागला, मोहाची फुलं पडायला लागली की सगळ्या रानाला वास सुटायचा आणि दसरूबाबा एखाद्या दिवशी तळ्याच्या पाळीवर पडलेले सापडायचे. पण चोरून म्हणणं अन्याय होता. पुढच्या रविवारी प्रार्थनेसाठी कुणाला काही सांगायचं आहे का असं पाळकसाहेबांनी विचारलं की हे उठून सांगणार, की बुधवारी मी पिऊन पडलो होतो, सगळ्यांनी माझ्यासाठी नाई, मले उचलून आननाऱ्यासाठी देवाले सांगा, त्याच्या कंबरेत चमक भरली. बायका पदरात हसत. पाळकसाहेब घाम पुसत. एका वर्षी पाळकसाहेबांनी बजावलं की हे सोडा, म्हणजे मेजाशी याल. त्या वर्षी मोहाचे सगळे दिवस म्हाताऱ्यानं आमच्या कोठीत, हिरडा चघळत, कण्हत काढले. पुन्हा कधी थेंब घेतला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला मी टक लावून बसले होते. ताट आलं, कपाळापर्यंत गेलं आणि तसंच माझ्याकडे आलं.

म्हणजे कारण दारू नव्हतं. खरं कारण कळलं ते धानाची कापणी चालू होती तेव्हा.

एका दुपारी लखन नावाचा एक तरुण आपल्या आईला गाडीत घालून घेऊन आला. तिचं नाव भागरता, वय चाळिशीच्या आसपास. पडले म्हणाली. पडल्यावर पाठीवर असे लांब, बारीक, एकावर एक वळ उठत नाहीत हे मला सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मी लखनला बाहेर घेतलं तेव्हा तो बोलला. गावात तापानं मुलं दगावत होती. लोक म्हणायला लागले की भागरताची नजर आहे. कारण तिची आई टोनही होती, म्हणजे नुसत्या बघण्यानं लेकराचं काळीज खाणारी बाई. टोनहीला दुसरा मार लागत नाही, एरंडाच्या फांदीचाच लागतो, अशी समजूत. म्हणून एरंडाच्या फांद्यांनी मारलं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत गाव सोड, नाही तर तुझ्या आईचं झालं ते तुझं, असं पाटलानं सांगितलं होतं.

मी चिडले. पोलीस, कोर्ट, काय काय बोलले. पण जखमा धुताना भागरतानं विचारलं ते वेगळंच. वॉर्डातलं एक रांगतं मूल तिच्या खाटेजवळ आलं, तशी तिनं झटकन डोळ्यांवर पदर ओढला. मूल दूर नेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, आंगातलं काहाडाची काही दवा असन तर द्या. माझी माय टोनही होती. माझ्या आंगात काय आहे, मलेच मालूम नाई."

एवढी वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या लेकरांकडे न बघता जगली होती. स्वतःची मुलं तिनं कशी वाढवली असतील हे मला विचारवेना. तो आळ कुणी खोटा पाडत नव्हतं, आणि तिलाही तो खोटा वाटत नव्हता.

दसरूबाबा पाण्याचा हंडा घेऊन दारात उभे होते. त्यांनी लखनला गावाचं नाव विचारलं. मग तिच्या आईचं नाव विचारलं. सगुना, लखन म्हणाला. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि बाहेर गेले. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा पाळकसाहेबही व्हरांड्यात होते. खाली जमिनीवर बसून त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं.

ते त्याच गावचे पुजारी होते. हैजा, म्हणजे पटकीची साथ, आली होती. घरटी माणूस जात होतं आणि यांच्या पूजेनं काही थांबत नव्हतं. मग यांचा स्वतःचा मुलगा आजारी पडला. भीतीनं कुणी घरात पाऊल टाकीना. एकटी सगुना, नवरा मेलेली, एका लहान मुलीची आई, पोराला पाजायला तांदळाची पेज घेऊन आली. पोर दुसऱ्या दिवशी गेलं. गाव जमलं आणि सूप पाहा म्हणू लागलं. त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता की नाव निघालं नाही तर ते पुजाऱ्याचंच निघेल. दसरूबाबांनी सगुनाचं नाव घेतलं आणि अंगठा दाबला.

तिचंच का, मी विचारलं. मला वाटलं, पोर पेज पिऊन मेलं म्हणून बापाला संशय आला असेल. तसं म्हणाले असते तर मला समजलं असतं.

"संशेव नोहोता," ते म्हणाले. "तिच्यासाठी कोनी काठी उचलनार नोहोता. म्हनून."

तिला एरंडाच्या फांद्यांनी मारत शिवेबाहेर नेलं. तिनं शिवेवरच जीव सोडला. मुलीला मामानं नेलं, आणि लखननं सांगितलं त्याप्रमाणे पुढे वाढवून त्याच गावात दिलं, कारण टोनहीच्या पोरीला दुसरं गाव घेईना. दसरूबाबा गाव सोडून भटकले, दारूत बुडाले, आणि कधीतरी आमच्या मिशनच्या दारात येऊन पडले.

पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून सांगितलं की बाबा, हे सगळं बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुतलं गेलं, देवानं ते मागं टाकलंय, तुम्ही उकरू नका. शिवाय तुम्ही तिकडे जाऊन बोललात तर दंगा होईल, मिशनवर बालंट येईल. यातलं पहिलं ते पाळक म्हणून बोलले आणि दुसरं घाबरलेला माणूस म्हणून, पण दोन्ही एका दमात बोलले.

"माझ्या आंगाचं धुतलं गेलं असन, साहेब," दसरूबाबा म्हणाले. "पन मी तिच्या आंगावर टाकलो ते तिच्याच आंगावर आहे. शास्तरात हाय ना, दान तिथंच ठेव, पहिले जाय, ज्याचं वाईट केला त्याच्याशी समेट कर. मी इतके साल ताट हातात घेऊन तिथंच उभा आहो."

मुदतीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्या गावाला निघालो; लोकांशी बोलायला येतो, एवढंच भागरताला सांगितलं होतं. भागरता बसण्याइतकी झाली होती. गाडी लखन हाकत होता, मी तिच्याजवळ, दसरूबाबा मागे पाय सोडून बसलेले. आपली गोष्ट त्यांनी तिला अजून सांगितली नव्हती. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं होतं की आधी तिला एकटीला सांगा. ते म्हणाले, गावासमोर झालं ते गावासमोरच फिटेल. वाटेत ऊन तापलं तेव्हा भागरतानं आपल्या तुंब्यातलं पाणी त्यांच्यापुढे केलं आणि म्हणाली, घ्या बाबा. त्यांनी मान हलवली. कोरड्या ओठांनी ते तसेच बसून राहिले. तो प्रवास मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

गावाजवळ देवाच्या ठाण्यापाशी मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. भागरताला पाहून कुरबुर झाली. पण म्हातारा पाटील दसरूबाबांकडे निरखून पाहत राहिला आणि एकदम उठला. जुना पुजारी परत आला होता. लोकांनी त्यांना मानानं वर बसवलं, पाणी आणलं. त्यांना वाटलं, मुलं मरताहेत म्हणून पुजाऱ्याला देवानंच पाठवलं. मग दसरूबाबांनी सूप आणि कात्री मागितली. हा माणूस करतोय काय?

कात्रीच्या एका कडीखाली त्यांनी अंगठा धरला आणि दुसरीखाली पाटलाला बोट धरायला लावलं. आधी भागरताचं नाव घेतलं. सूप हललं नाही. मग पाटलाचं नाव घेतलं आणि सूप गर्रकन फिरलं. पाटलाचा चेहरा पांढरा पडला. मग स्वतःचं नाव घेतलं, सूप फिरलं. पाटलाच्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं, तरी फिरलं. दसरूबाबांनी सूप खाली ठेवलं आणि आयुष्यभर मुठीत दडपलेला तो अंगठा सगळ्यांसमोर उभा केला.

"देवाचा काही कसूर नोहोता," ते म्हणाले. "आंगठा माझा होता. सगुना टोनही नोहोती. माझ्या मरत्या पोराले पेज पाजाले आली होती. मी भेलो, तिचं नाव घेतलो, दाबलो. हे पोरगी टोनहीची नोहे. आता मले काय कराचं ते करा."

मी भोळी. मला वाटलं, आता बायका रडतील, पाटील भागरताची माफी मागेल. तसं काही झालं नाही. त्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी किती जणांनी त्या दिवशी फांदी धरली होती हे मला त्यांच्या तोंडांवरून दिसायला लागलं. सगुना टोनही होती तोवर त्यांनी गाव वाचवलं होतं. आता त्यांनी एका निराधार बाईला मारलं होतं. हे ओझं म्हातारपणी कुणाला हवं असतं? पहिला घाव पाटलाच्या काठीचा पडला. मग सगळेच तुटून पडले. दसरूबाबांनी हात वर केले नाहीत. मी किंचाळत होते, पोलिसांची नावं घेत होते, माझं कोण ऐकतंय. शेवटी लखन आडवा पडला म्हणून म्हाताऱ्याचा जीव राहिला.

लोक पांगले. दसरूबाबा धुळीत पडलेले, तोंडातून रक्त येत होतं. भागरता जवळ आली. ती इतका वेळ बसल्या जागेवरून हलली नव्हती. मला वाटलं, थुंकेल. तिनं विचारलं, "माझी माय शेवटाले काय म्हनली?"

त्यांना काहीही सांगता आलं असतं. तुझी आठवण काढली असं सांगितलं असतं तर त्या बाईला जन्मभर पुरलं असतं. ते कोपरावर उठले.

"एक डाव आखीन पाहून घे पुजारी, चुकला असशीन, असं म्हनली," ते म्हणाले. "तिचा सुपावर इस्वास होता. माझ्यावरबी."

"आन तू?"

"मी पाह्यलो नाई."

भागरता म्हणाली, मी तुले माफ नाई करनार. ते म्हणाले, नोको करू. ती वळून आपल्या घराकडे चालू लागली.

त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि एक कान कायमचा गेला. मी त्यांना दवाखान्यात ठेवलं. पाळकसाहेबांनी रागावून आठवडाभर तिकडे पाऊल टाकलं नाही. पण त्या महिन्याच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, उपासना संपल्यावर, ते झगा न काढता भाकरी आणि प्याला घेऊन वॉर्डात आले. त्यांचे डोळे सुजलेले होते. माणूस मनानं लहान नव्हता, हे मी कबूल करते. खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी विचारलं की तिनं क्षमा केली का.

"नाई," दसरूबाबा म्हणाले.

मग आज घ्याल की नाही, असं पाळकसाहेबांनी फार हळू विचारलं. बाबा छताकडे पाहत होते. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मी त्यांना पहिल्यांदा स्वतःसाठी बोलताना ऐकलं. बापा, ती नाई म्हनली, तिचं खरं आहे. माझ्या हातात आनाले काही नाई. तुझ्यासमोर याची लाज वाटते, पन आता भेव नाई वाटत. मले बसू दे. एवढंच ते बोलले आणि हात पुढे केला. सुजलेल्या जबड्यानं तो एवढासा तुकडा चावायला त्यांना फार वेळ लागला. मी लहानपणापासून ते भोजन घेत आले होते. ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं.

बरे झाल्यावर त्यांनी घंटेची दोरी दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्याच गावाच्या शिवेवर झोपडी घातली. मी म्हटलं, एकदा जीव वाचला तेवढा पुरे नाही का. ते म्हणाले, रोग पुन्ना येईन, तवा सांगनारा कोनी पायजे. आणि खरंच, गावात कुणी तापानं पडलं, कुणाची गाय मेली, की हे काठी टेकत जाऊन झाडाखाली उभे राहत आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगत, की सूप मी फिरवलो होतो, सगुना टोनही नोहोती. पोरं मागून नकला करत. म्हातारे तोंड फिरवत. भागरताला गावातून काढायची भाषा मात्र पुन्हा कुणी उघडपणे केली नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी ते पहाटे निघून चालत चर्चमध्ये येत, शेवटच्या रांगेत बसत, भाकरी घेत आणि परत जात. भागरता त्यांच्याशी बोलली का, असं मी दरवेळी विचारायची. दरवेळी उत्तर एकच, नाई.

अशी वर्षं गेली. स्वराज्य येणार, आलं, असं गोंदियाच्या बाजारात लोक बोलायला लागले होते तेव्हा त्या भागात देवी आल्या. लस टोचायला मी त्या गावात गेले. आदल्या दिवशी एक मूल गेलं होतं आणि गावात ती जुनी कुजबुज पुन्हा सुरू झालेली मला घराघरातून जाणवत होती. टोचत टोचत मी भागरताच्या घराशी आले. भर दुपार, वैशाखाचं ऊन, आणि फाटकासमोर रस्त्यातच दसरूबाबा बसलेले. फार थकले होते. डोळ्यांना दिसत नसावं, माझ्या आवाजावरून ओळखलं.

मी विचारलं, इथे काय करताय, ऊन लागून मराल.

"बसून रायलो," ते म्हणाले. "कोनी आले तं पहिले माझ्या आंगावरून जातीन."

सकाळपासून बसले होते. मी त्यांना पाणी पाजलं, आत गेले आणि भागरताच्या नातवंडांना लस टोचली. ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बाहेर कोण बसलंय ते तिला माहीत होतं, आणि मी त्याचा विषय काढणार नाही इतकं शहाणपण मला आलेलं होतं. मी पेटी बंद केली. उंबऱ्यापर्यंत पोचले तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"बाई, त्या म्हाताऱ्याले म्हना, तिथं उन्हात बसू नोको. ओसरीवर येऊन बस म्हना."

ती हे मला म्हणाली, त्यांना नाही, आणि तोंड चुलीकडे करून म्हणाली. फाटक तिथून जवळच होतं. मी सांगायची गरज पडली नाही, उरलेल्या एका कानानं त्यांनी ऐकलं होतं. काठीवर भार देऊन ते उठायचा प्रयत्न करत होते. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. अंगणातून ते फार हळू आले, ओसरीशी थांबले, पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, आणि सगुनाच्या लेकीच्या घराच्या सावलीत भिंतीला पाठ टेकून बसले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे.